फोटो एडिट करताना आधी काय, नंतर काय

कोणतंही एडिटिंग ॲप उघडलं की समोर स्लायडरची रांग येते आणि हात हमखास सॅच्युरेशनकडे जातो. रंग खुलतात, पण चेहरे नारिंगी होतात. ते निवळावेत म्हणून फोटो थंड, म्हणजे निळसर करायचा, मग तो निर्जीव वाटतो म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवायचा, आणि शेवटी सगळं रद्द करून एखादा तयार फिल्टर लावून टाकायचा. क्रम पक्का असेल तर ही धडपड करावी लागत नाही. खाली दिलेला क्रम मोबाइलवरच्या स्नॅपसीडला चालतो, संगणकावरच्या लाइटरूमला चालतो आणि फुकट मिळणाऱ्या डार्कटेबल किंवा गिंपलाही चालतो. नावं थोडी इकडेतिकडे होतील, एवढंच.

सुरुवात फोटोपासून नाही, स्क्रीनपासून करा. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर रंगांबद्दलचा प्रत्येक निर्णय चुकेल. ब्राइटनेस मध्यम ठेवा. उन्हात बसून पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो घरात पाहिला की काळवंडलेला वाटतो.

पायरी १ : मूळ फाइलला हात लावू नका

आधी प्रत काढा. जेपेग फाइल बदलून पुन्हा सेव्ह केली की ती दरवेळी नव्याने दाबली जाते आणि थोडा तपशील कायमचा जातो. एकदोनदा केल्याने कळत नाही, पण तीच फाइल वारंवार उघडून सेव्ह करत राहिलात तर आकाशात पट्टे आणि कडांभोवती चुरा दिसू लागतो. लाइटरूम आणि डार्कटेबल मूळ फाइलला धक्का न लावता फक्त बदलांची नोंद ठेवतात. गिंप वापरत असाल तर काम संपेपर्यंत त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा आणि जेपेग अगदी शेवटी काढा.

कॅमेऱ्यात रॉची (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) सोय असेल तर महत्त्वाचे फोटो रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. एडिटिंगमध्ये उजेड आणि रंग बरेच बदलले जातात तेव्हा या जादा छटाच कामी येतात.

पायरी २ : सरळ करा, मग कापा

क्षितिज कललेलं असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही फोटो खटकतो. आधी ते सरळ करा. मग क्रॉप. उजेड सावरण्याआधी क्रॉप करायचं कारण साधं आहे: जे आकाश कापून टाकायचंच आहे, त्याचा उजेड सावरत कशाला बसायचं?

माणसांचे फोटो कापताना कड मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर येऊ देऊ नका, ती थोडी वर किंवा खाली घ्या. आणि फार कापलं तर दर्जा जाईल, ही भीती बहुतेकदा अनाठायी असते. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. लांबी-रुंदी निम्मी केली तरी २००० × १५०० उरतात, आणि ६ × ४ इंचांच्या चांगल्या प्रिंटला १८०० × १२०० पुरतात.

पायरी ३ : उजेड

खरी कमाई इथे आहे, त्यामुळे सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. फोटो बरा दिसला की पुष्कळदा पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

हिस्टोग्राम उघडा, म्हणजे फोटोत किती काळोख आणि किती उजेड आहे ते दाखवणारा डोंगरासारखा आलेख. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर काही भाग पूर्ण पांढरा झाला आहे. जेपेगमध्ये तो तपशील परत येत नाही, रॉमध्ये थोडाफार येतो. डोंगराचा आकार 'बरोबर' असा काही नसतो. रात्रीच्या फोटोचा डोंगर डावीकडेच असणार, त्याला ओढून मधोमध आणू नका.

आता क्रमाने जा. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, ठरवताना फक्त मुख्य विषयाकडे बघा. चेहरा असेल तर चेहऱ्याकडे, मागचं आकाश काय म्हणतंय ते नंतर. एक्सपोजर १ ने, म्हणजे एक 'स्टॉप', वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं, तेव्हा बोट हळू चालवा. मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणून आकाश सावरा आणि शॅडोज (काळसर भाग) थोडे उचला. थोडेच. शॅडोज टोकापर्यंत उचलले की अंधारात दडलेला नॉइज (दाणेदार ठिपके) वर येतो आणि फोटो सपाट होतो. सावलीला सावली राहू द्या, तिच्यामुळेच वस्तूला गोलाई येते. सगळ्या कोपऱ्यांत सारखाच उजेड असलेले फोटो मला तरी बघवत नाहीत.

शेवटी व्हाइट्स आणि ब्लॅक्स, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या टोकांचे स्लायडर. लाइटरूममध्ये ऑल्टचं बटण (मॅकवर ऑप्शन) दाबून हे स्लायडर सरकवा. जिथे तपशील जातो आहे तेवढेच ठिपके स्क्रीनवर दिसतात. ठिपके दिसू लागले की किंचित मागे या.

पायरी ४ : रंग

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असं रंग जुळवणं. ड्रॉपर घेऊन फोटोतल्या करड्या वस्तूवर टिचकी मारा. पांढरी वस्तूही चालते, पण उजेडाने जळून गेलेली नको. केल्विनचा (उजेडाचा रंग मोजायचं एकक) स्लायडर नवख्यांना उलटा वाटतो. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, पिवळा दिवा ३००० च्या आसपास. मग आकडा वाढवल्यावर फोटो पिवळा का होतो? कारण तो आकडा 'फोटो काढताना उजेड कसा होता' हे सांगतो. उजेड निळसर होता असं सांगितलं की सॉफ्टवेअर भरपाई म्हणून पिवळा मिसळतं.

सूर्यास्त मात्र 'दुरुस्त' करू नका. तो पिवळाच हवा.

मग व्हायब्रन्स. सॅच्युरेशन सगळे रंग सारखेच भडकवतं. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त उचलतं आणि त्वचेच्या रंगांना बऱ्यापैकी सांभाळतं. खिडकीचा निळा आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर असेल, तर तास घालवण्यापेक्षा फोटो कृष्णधवल करून बघा. अनेकदा तोच चांगला निघतो.

पायरी ५ : ठिकठिकाणची डागडुजी

पूर्ण फोटोला न लागणारे बदल आता करा. चेहऱ्यावर मऊ कडेचा ब्रश फिरवून अर्धा स्टॉप उजेड वाढवा आणि कोपऱ्यातली भगभगीत वस्तू थोडी काळी करा. नजर उजळ भागाकडे जाते, एवढं लक्षात ठेवलं की ब्रश कुठे फिरवायचा ते आपोआप कळतं.

हीलिंगने (डाग पुसणारं साधन) डाग काढताना एक नियम बरा पडतो: पंधरवड्यात जाणारी पुटकुळी काढा, तीळ आणि व्रण राहू द्या. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर मी उघडतच नाही.

पायरी ६ : नॉइज आणि शार्पनिंग

फोटो १०० टक्के झूमवर ठेवा, नाहीतर दोन्हींचा अंदाज येत नाही. आधी नॉइज कमी करा. उलट क्रमाने गेलात तर नॉइजच धारदार होईल. मग शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं. कडांना पांढरी झालर दिसली की प्रमाण जास्त झालं. हललेला फोटो यातून स्पष्ट होत नाही.

पायरी ७ : बाहेर काढणं

स्क्रीनवर बघायच्या फोटोसाठी रंगांचा प्रकार एसआरजीबी ठेवा. दुसरा ठेवला तर काही स्क्रीनवर रंग फिके पडतात. जेपेगचा दर्जा ८० ते ९० पुरे. मेसेजिंग ॲपमधून पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर तो सहसा पुन्हा दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण डॉक्युमेंटसोबत फोटो कुठे काढला तेही जाऊ शकतं. अनोळखी माणसाला पाठवायचा असेल तर एक्सपोर्ट करताना लोकेशनची माहिती काढून टाका.

एकाच उजेडातले बरेच फोटो असतील तर पहिल्यावर मेहनत घ्या, त्याची सेटिंग्ज बाकीच्यांवर पेस्ट करा आणि क्रॉप तेवढा वेगवेगळा करा. प्रिंट काढणार असाल तर मोठ्या आकारावर खर्च करण्याआधी एक लहान प्रिंट काढून बघा. कागद स्वतः उजळत नाही, त्यामुळे स्क्रीनवर ठीक वाटलेला फोटो त्यावर काळपट येतो. तसा आला तर एक्सपोजर पाव ते अर्धा स्टॉप वाढवून छपाईसाठी वेगळी फाइल काढा.