गोव्यातल्या मुलाला स्कीइंगच्या पहिल्या धड्याला कसे न्यावे

जानेवारीत पणजीत पहाटे पारा फार तर २० अंशांच्या आसपास उतरतो, आणि तेवढ्यावर आपण मुलांना स्वेटर चढवतो. त्याच पहाटे गुलमर्गला उणे १० असू शकते. मुलाचा पहिला स्की-धडा सुखाचा होणार की रडारडीचा, हे या ३० अंशांवर ठरते. पाच-सहा वर्षांचे मूल उताराला सहसा भीत नाही, घसरायला त्याला आवडतेच. ते रडते बोटे बधिर झाली म्हणून, मोज्यात बर्फ गेला म्हणून, बूट चावला म्हणून. तेव्हा शिकवण्याचे काम शिकवणाऱ्याकडे सोडा. तुमचे काम मूल उबदार, कोरडे आणि पोटभर जेवलेले ठेवण्याचे. ते नीट झाले की पोर तीन दिवसांत तुमच्या पुढे निघून जाते.

कुठे आणि कधी

गुलमर्ग, मनालीजवळचे सोलंग आणि उत्तराखंडातले औली ही आपल्याकडची ओळखीची ठिकाणे. लहान मुलाच्या पहिल्या खेपेला मी गुलमर्ग सुचवेन. श्रीनगरपर्यंत विमान आहे, पुढे साधारण ५० किलोमीटरचा रस्ता. बर्फ जास्त असला तर पायथ्याच्या तंगमर्गहून चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते. गोल्फ मैदानाच्या बाजूचे उतार अगदी हलके आहेत आणि शिकाऊ मुलाला तेवढेच हवेत. गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वरच्या अफरवट डोंगरावर जायची हौस मोठ्यांची. धड्यासाठी त्या तिकिटाची गरज नाही. निघण्यापूर्वी मुलाला आरिफ खानची गोष्ट जरूर सांगा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेला तो भारताचा एकमेव खेळाडू, आणि तो स्कीइंग शिकला ते याच डोंगरावर.

नाताळच्या सुट्टीचा मोह सगळ्यांनाच होतो. काश्मीरचा कडक थंडीचा ४० दिवसांचा काळ, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो खरा, पण थंडी आली म्हणजे बर्फ आलाच असे नाही. २०२४ चा जवळजवळ सगळा जानेवारी गुलमर्गला कोरडा गेला. २०२५ मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यामुळे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा आणि तारीख बदलता येईल अशीच तिकिटे काढा. शाळा बुडेल, पण बालवाडी ते दुसरीच्या मुलाचा आठवडा बुडाल्याने काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवले की झाले. चार वर्षांखालच्या मुलाला मात्र नेऊ नका.

श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. समुद्रकाठच्या मुलाला पहिली रात्र श्रीनगरला काढू द्या. वर पोचल्यावर पहिला दिवस नुसता बर्फात खेळण्याचा ठेवा आणि पाणी पाजत राहा. डोके दुखणे, उलटी, जेवणाला नकार असे काही दिसले तर धडा रद्द. त्रास वाढू लागला तर थेट खाली या, उद्याची वाट पाहू नका.

घरून करायची तयारी

स्केटिंगचा वर्ग जवळ असेल तर दोन महिने आधी घाला. घसरत्या पायांवर तोल सांभाळण्याची सवय तिथे लागते. नाही जमले तर रोज संध्याकाळी गुडघे किंचित वाकवून, नजर समोर ठेवून उभे राहण्याचा खेळ खेळा. पायांची पुढची बोटे आत वळवून चालणेही शिकवा.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिथले शिकवणारे हिंदी-उर्दू बोलतात, आणि घरी मराठी-कोंकणी बोलणाऱ्या आपल्या लहान मुलाला तेवढी हिंदी येत नसते. ‘घुटने मोड़ो’, ‘सामने देखो’, ‘धीरे’, ‘रुको’, ‘गिर जाओ’ एवढे शब्द पक्के करून घ्या. ‘ठंड लग रही है’ आणि ‘सू सू जाना है’ ही वाक्ये त्याला स्वतःहून बोलता आली पाहिजेत.

कपडे आणि बूट

आपल्याकडे सवयीने आत सुती बनियन घातले जाते. बर्फात तेच वैरी ठरते, कारण सूत घाम धरून ठेवते आणि मूल थांबले की अंग गारठते. अंगालगत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि वर पाणी न शिरणारे जॅकेट-पँट. मफलर नको, तो उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकतो. गळ्याला नळीसारखी गळपट्टी घाला. हातमोजे पाच बोटांचे न घेता अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र राहतील असे घ्या, म्हणजे बोटे एकमेकांना ऊब देतात. ते जलरोधक हवेत आणि दोन जोड हवेत, कारण पहिला जोड तासाभरात भिजतोच. जॅकेट-पँट भाड्याने मिळतात. हेल्मेट आणि गॉगल लहान मापात मिळतीलच असे नाही. ते आधीच विकत घ्या. सायकलचे हेल्मेट चालणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बुटांना. स्कीचे बूट कडक आणि जड असतात, मूल ते घालताच कुरकुरते. दुकानदार घाईत असला तरी तुम्ही घाई करू नका. बुटाच्या आतले मऊ अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात मुलाचा पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे हात घालून पाहा. एक बोट, फार तर दीड बोट जागा हवी. जास्त जागा असेल तर टाच आत उचलली जाते आणि मुलाने पाय वळवला तरी स्की वळत नाही. मोजा एकच, पातळ आणि पोटरीपर्यंतचा. ऊब म्हणून दोन मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त नीट पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची कडही बुटात जाऊ देऊ नका, ती नडगीला रुतते. हे सगळे धड्याच्या आदल्या दिवशी करा आणि तेच बूट घालून खोलीत दहा मिनिटे चालवून पाहा.

स्की मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत येतील एवढ्या पुरतात. बूट स्कीला धरून ठेवणारे बाइंडिंग मुलाचे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावून घ्या, म्हणजे पडल्यावर बूट सुटतो आणि पाय मुरगळत नाही. काठ्या घेऊच नका. सुरुवातीला त्या फक्त अडचण करतात.

धड्याच्या सकाळी

नाश्ता भरपूर हवा. काश्मिरी माणूसही आपल्यासारखाच भात खाणारा, त्यामुळे मुलाचे जेवणाचे हाल होत नाहीत. सकाळी गरम मऊभात मागून पाहा. आजी चेहऱ्याला खोबरेल लावायला सांगेल, पण त्याने ऊन अडत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा. लघवी उरकल्यावरच कपडे चढवायला घ्या.

शिकवणारा ठरवताना पर्यटन खात्याचे नोंदणी कार्ड पाहा आणि लहान मुलांना शिकवले आहे का ते विचारा. सरकारी संस्थांचे मुक्कामी अभ्यासक्रमही आहेत, त्यांना प्रवेशाचे वय आधी विचारून घ्या. एवढ्या लहान मुलाला स्वतंत्र शिकवणारा बरा, आणि एका वेळी तास-दीड तास पुरे.

पहिल्या धड्यात पाहायचे ते एवढेच: एका स्कीवर सरकणे, कडेला पडणे, स्की उताराला आडव्या करून उठणे, आणि पुढची टोके जवळ, मागची लांब करून थांबणे. या शेवटच्या आकाराला तिथले अनेकजण मुलांसाठी ‘पिझ्झा’ म्हणतात. थांबता येत नाही तोवर मुलाला वरच्या उतारावर नेऊ देऊ नका, शिकवणारा कितीही आग्रह करो.

धडा सुरू झाल्यावर तुम्ही दूर, उताराच्या तळाशी बाजूला उभे राहा. नाव घेऊन हाका मारू नका, व्हिडिओसाठी वळून बघायला लावू नका. मूल समोर पाहायला शिकत असते. तुमच्या हाकेने मान वळते आणि तोल जातो. रडले तर शिकवणाऱ्याला पाच मिनिटे द्या. हात किंवा पाय दुखतो म्हणाले तर मात्र लगेच जा आणि मोजा काढून पाहा. बोटाचा, नाकाचा किंवा गालाचा भाग पांढरट, बधिर दिसला तर आत नेऊन अंगाच्या उबेने गरम करा. चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका.

खोलीवर परतल्यावर

बुटांचे अस्तर आणि हातमोजे काढून वाळत घाला, पण बुखारीला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीला, चिकटवून नाही. लाकूड-कोळशाची बुखारी खोलीत असेल तर खिडकीची फट उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती विझवा. बंद खोलीत साचणारा विषारी वायू वासाने कळत नाही.

परतताना मुलासाठी बूट विकत घेऊ नका, वर्षभरात पाय मोठा होतो. त्याऐवजी शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या: स्वतः उठता येते का, थांबता येते का, दोन्ही बाजूंना वळता येते का. पुढच्या हिवाळ्यात शिकवणारा बदलला तरी तो कागद दाखवला की पहिला धडा कुठून सुरू करायचा ते त्याला कळते.