लिथॉप्स कसे वाढवावे: दगडासारख्या रोपाचे वर्षभराचे पाणी

लिथॉप्सचे रोप घरी आणण्याआधी त्याचे वर्ष कसे सरते हे समजून घ्यावे. या रोपाच्या निगेत होणाऱ्या बहुतेक चुका पाण्याच्या असतात, आणि पाणी कधी द्यायचे हे मातीला हात लावून कळत नाही, ते पानांकडे पाहून ठरवावे लागते. रोप हाती आले की लगेच पाणी घालण्याची आपली सवय जास्वंदीला चालते, येथे ती महागात पडते.

ही प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या, खडकाळ पट्ट्यातली आहे. तिची थोडी वस्ती बोट्सवानातही आढळते. तेथे बहुतेक ठिकाणी वर्षाला ५०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो आणि नामिबियाच्या किनाऱ्यालगत तर त्याचा पाचवा हिस्साही नशिबी नसतो. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८११ मध्ये उत्तर केपमधील प्रिस्काजवळ जमिनीवरचा एक चमत्कारिक गोटा म्हणून जे उचलले ते रोप निघाले. पुढे १९२२ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राऊन यांनी या रोपांची स्वतंत्र प्रजाती केली आणि ग्रीक भाषेतील 'दगड' आणि 'चेहरा' या शब्दांवरून तिचे नाव ठेवले.

एका रोपाला एका वेळी पानांची एकच जोडी असते. ही दोन जाडजूड पाने खाली एकमेकांत मिसळून उलट्या शंकूसारखी होतात आणि वरच्या सपाट भागावर त्यांच्यामध्ये एक चीर राहते. मूळ ठिकाणी रोपाचा फक्त हा माथा जमिनीबाहेर असतो. त्यावरची नक्षी केवळ शोभेची नाही. त्यातील अर्धपारदर्शक खिडक्यांतून ऊन आत शिरते आणि जमिनीखाली दडलेल्या पानाच्या आतील हिरव्या भिंतींपर्यंत पोहोचते. दरवर्षी फुलाचा हंगाम सरल्यावर याच चिरेच्या आत नवी जोडी तयार होऊ लागते आणि जुन्या पानांतले पाणी शोषून मोठी होते. जुनी पाने सुरकुततात, मऊ पडतात आणि शेवटी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुकून बाजूला पडतात. या काळात रोपाला बाहेरून पाणी नको असते, कारण त्याचे पाणी त्याच्याच अंगात साठलेले असते.

रोप निवडताना

सुरुवात करणाऱ्याने लिथॉप्स लेस्लिआई, लिथॉप्स ऑकॅम्पिई किंवा लिथॉप्स सॅलिकोला यांपैकी एखादी जाती घ्यावी. पहिल्या दोन जाती उन्हाळी पाऊस पडणाऱ्या भागातल्या असल्यामुळे आपल्या ऋतुचक्राशी त्यातल्या त्यात जुळवून घेतात, आणि सॅलिकोला पाण्याच्या बाबतीतल्या एखाददुसऱ्या चुकीला माफ करते. लाल रंगाचे लिथॉप्स ऑप्टिका 'रुब्रा' पाहून मोह होतो, पण ते पहिले रोप म्हणून घेऊ नये.

रोप बसके, घट्ट आणि माथ्यावर सपाट असावे. लांब मानेचे, एका बाजूला झुकलेले रोप अंधारात वाढलेले असते आणि ती उंची पुढच्या पानबदलापर्यंत कमी होत नाही. बुडाशी ओलसर, काचेसारखा दिसणारा डाग असेल तर कितीही स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये. काही विक्रेते कुंडीवरचे रंगीत खडे डिंकाने चिकटवून टाकतात; असा थर आधी फोडून काढावा लागतो. इंटरनेटवर निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी लिथॉप्सचे बी विकायला असते. ती चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. खरे रंग करडे, तपकिरी, विटकरी, पिवळसर, हिरवट असेच असतात आणि मला तरी ते त्या जांभळ्यापेक्षा कितीतरी देखणे वाटतात.

रोप बियांपासून वाढवलेले आहे ना, हे आवर्जून विचारावे. गेल्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील रानातून लहान मांसल वनस्पती उपटून चोरट्या मार्गाने परदेशी विकण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि लिथॉप्स बियांपासून सहज होत असताना रानातले रोप घेण्याचे काही कारण नाही. चांगल्या बियांच्या पाकिटावर 'सी' अक्षरापुढे एक क्रमांक असतो. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषा शिकवणारे डेस्मंड कोल आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी रानोमाळ हिंडून सुमारे ४०० वसाहतींची नोंद केली, तिचा हा क्रमांक आहे. त्यावरून आपल्या कुंडीतले रोप मुळात कोणत्या माळावरचे, हे कळते.

माती आणि कुंडी

रोपवाटिकेतून येणारे रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. ते पहिल्याच आठवड्यात बदलावे. मुळांना चिकटलेले कोकोपीट कोरडे असताना बोटांनी हळूहळू सोडवावे, तुटलेली मुळे कापावीत आणि रोप चार-पाच दिवस सावलीत उघडे ठेवावे. पाणी न देता इतके दिवस ठेवायचे म्हणजे जिवावर येते, परंतु मुळांच्या जखमा भरायला तेवढा वेळ लागतोच.

मिश्रणात तीन भाग बारीक खडे आणि एक भाग चाळलेली पोयट्याची किंवा तांबडी माती असावी. खड्यांचा आकार ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीपर्यंत असला तरी चालतो. देशावर मुरूम किंवा विटांचा चुरा, कोकणात जांभ्याचा चुरा, आणि जवळपास मिळत असेल तर प्यूमिस किंवा परलाइट हे हलके, सच्छिद्र खडे वापरावेत. मुरूम आणि विटांचा चुरा चहाच्या गाळणीतून चाळून त्यातली भुकटी फेकून द्यावी, कारण खड्यांमधल्या फटी तीच बुजवते. काळी माती, शेणखत आणि गांडूळखत टाळावे. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायचे असेल तर रिकाम्या कुंडीत ते भरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर साचून न राहता लगेच खालून वाहू लागले पाहिजे.

लिथॉप्सला सोटमूळ असते, त्यामुळे कुंडी रुंद नसली तरी निदान आठ ते दहा सेंटिमीटर खोल असावी. निसर्गात रोप मातीच्या पातळीला असले तरी आपल्या दमट हवेत निम्मे अंग मातीबाहेर ठेवावे आणि मानेभोवती बारीक गोट्यांचा थर द्यावा, म्हणजे बूड कोरडे राहते. लागवडीनंतर आठवडाभराने पहिले पाणी द्यावे, तेही पानबदल सुरू नसेल तरच.

ऊन

सकाळचे चार-पाच तास थेट ऊन मिळणारी पूर्वेकडची गॅलरी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन अडवायला शेडनेट लावावे. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवले तर माथ्यावर पांढुरका भाजल्याचा डाग पडतो आणि तो पान बदलेपर्यंत जात नाही. म्हणून दोन आठवडे थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे.

पाणी, महिन्यागणिक

इंग्रजी माहिती वाचताना ती कोणत्या गोलार्धातली आहे हे आधी पाहावे. दक्षिण आफ्रिकेतल्या माणसाने 'मार्चमध्ये फुलते' असे लिहिले असेल तर आपल्याकडे तो काळ सप्टेंबरच्या आसपास येतो. पुढे दिलेले वेळापत्रक पुण्यासारख्या हवेतले आहे. मुंबई-कोकणात दमटपणा जास्त असल्याने पाणी आणखी हात राखून द्यावे, आणि विदर्भात मे महिन्यात सावलीची जास्त काळजी घ्यावी.

साधारण मार्च-एप्रिलमध्ये जुनी पाने पूर्ण सुकून कागदासारखी झालेली असतात. त्यानंतरच वर्षातले पहिले पाणी द्यावे, आणि ते भरपूर, खालून वाहीपर्यंत द्यावे. मग माती पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, कुंडीकडे पाहायचे नाही. चमचाचमचा रोज पाणी घालणे सर्वांत वाईट, कारण त्याने खालची मुळे तहानलेली राहतात आणि मान मात्र सतत ओली राहते.

मे महिन्याच्या उष्म्यात रोप जवळजवळ झोपी जाते. बाजूंना सुरकुत्या पडून अंग सैल लागले तरच, आणि तेही संध्याकाळी, थोडे पाणी द्यावे. या रोपाच्या पानांवरची छिद्रे रात्री उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हाच आत घेतला जातो. रात्री उकाड्याच्या असतील तर हे काम मंदावते, आणि अशा वेळी कुंडीत पाणी साचले की ते मुळांना बाधते.

जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. पावसाचा थेंबही अंगावर येणार नाही असे छत हवे आणि हवा खेळती हवी. बंद खिडकीच्या काचेआड ठेवून भागत नाही. सुरकुत्या पडल्या तरच महिन्यातून एकदा पाणी द्यावे आणि त्यासाठी उघडिपीचे दोन दिवस निवडावेत. माझे पहिले रोप याच काळात गेले. गणपतीत चार दिवस गावी जाताना कुंड्या शेजारच्या काकूंकडे सोपवल्या. परत आलो तेव्हा रोप वरून ठणठणीत दिसत होते, पण बोटाने जरासे दाबले तर उकडलेल्या बटाट्यासारखे बोट आत गेले. काकूंनी तुळशीबरोबर त्यालाही रोज सकाळी पाणी घातले होते. चूक माझीच होती. 'याला पाणी घालू नका' असे सांगायला मी विसरलो होतो, आणि अशी कुंडी शेजारी ठेवायला देण्याचेही कारण नव्हते, कारण ती घरी महिनाभर तशीच राहिली असती.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये एक-दोनदा मनसोक्त पाणी द्यावे. चिरेतून कळी डोकावते आणि मग पिवळे किंवा पांढरे, शेवंतीसारखे अनेक पाकळ्यांचे फूल येते. ते कधीकधी रोपाचे अंग पूर्ण झाकून टाकण्याइतके मोठे असते. फूल दुपारी उमलते, संध्याकाळी मिटते आणि असे काही दिवस चालते. कळी दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नये, कारण ऊन कमी पडले तर ती न उमलताच सुकते.

फूल गेल्यानंतर नोव्हेंबरअखेर पाणी बंद करावे आणि पुन्हा मार्चपर्यंत देऊ नये. हेच सर्वांत अवघड जाते. जानेवारीत रोप इतके सुरकुतते की मरायला टेकले आहे असे वाटते. मी एका वर्षी न राहवून पाणी दिले. जुनी पाने ते पिऊन पुन्हा टुमटुमीत झाली, त्यांनी नव्या जोडीला काहीच दिले नाही, आणि वर्षभर एकावर एक रचलेल्या दोन मजल्यांसारखे ते रोप मिरवत राहिले. अशी दुमजली रोपे दिसली की मालकाने हिवाळ्यात पाणी दिले होते हे ओळखावे. असे झाल्यास जुनी पाने ओढून काढू नयेत. ती पूर्ण सुकेपर्यंत पाणी तोडावे, मग कितीही महिने लागोत.

कीड

पिठ्या ढेकूण चिरेत आणि सुकलेल्या पापुद्र्याखाली लपतात. कापसाच्या काडीने स्पिरिट लावले की ते मरतात. मुळांवर पांढरा कापूस दिसला तर मुळे धुऊन, वाळवून रोप नव्या मिश्रणात लावावे. माथ्यावर खरवडल्यासारखे करडे चट्टे आले तर लाल कोळीचा संशय घ्यावा. गॅलरीत खारी किंवा बुलबुल येत असतील तर वर जाळी टाकावी, कारण उन्हाळ्यात त्यांना हा रसाळ गोटा पाण्याच्या घोटासारखाच असतो.

बियांपासून रोपे

लिथॉप्सला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एकाच जातीची, बियांपासून झालेली दोन वेगळी रोपे एकाच वेळी फुलावी लागतात. दुपारी मऊ कुंचल्याने एका फुलातले पराग दुसऱ्यावर न्यावेत. फळ वाळायला काही महिने लागतात. त्या लाकडी बोंडावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे: मिनिटाभरात झाकणे चांदणीसारखी उलगडतात आणि आत मोहरीहूनही कितीतरी बारीक बी दिसते. मूळ प्रदेशात पावसाचे थेंब या उघड्या बोंडावर आपटून बी आजूबाजूला उडवतात आणि कोरडे पडले की झाकणे पुन्हा मिटतात.

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये करावी. मिश्रण बारीक चाळून, उकळत्या पाण्याने भिजवून गार करावे. बी कोरड्या वाळूत कालवून पृष्ठभागावर भुरभुरावे आणि मातीने झाकू नये. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून ओल द्यावी, वर पारदर्शक प्लास्टिक लावावे आणि ती उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावी. आठ ते पंधरा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे थेंब दिसू लागतात. तेव्हापासून प्लास्टिक रोज थोडा वेळ उघडावे, नाहीतर बुरशी धरून रोपे कोलमडतात. मोठ्या रोपाचा कडक उपास या पिल्लांना लावू नये. पहिले काही महिने माती पूर्ण वाळू द्यायची नाही. पहिला पानबदल झाल्यावर, पुढचा पावसाळा छताखाली निभावून नेल्यानंतर, दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना वेगळे करावे. फूल यायला साधारण तीन वर्षे लागतात, म्हणून पाटीवर जातीचे नाव आणि पेरणीची तारीख पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडून जाते.