प्राण्याची नवी जाती ऑनलाइन जाहीर करताय? आधी झूबँक उघडा

सह्याद्रीत सापडलेल्या नव्या पालीचं वर्णन फक्त ऑनलाइन नियतकालिकात येणार असेल, तर झूबँकवरची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी संपादकांच्या भरवशावर सोडू नका. प्राणी-नामकरण संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार शोधनिबंध प्रसिद्धीआधीच तिथे नोंदवलेला हवा, आणि त्याचा पुरावा (सहसा एलएसआयडी, म्हणजे झूबँकच्या नोंदीचा ओळख-क्रमांक) व प्रसिद्धीची तारीख निबंधातच छापलेली हवी. नोंद स्वतः उघडून पाहा. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) भरलाय का? निबंध कायमचा जपणाऱ्या संस्थेचं नाव आहे का? ही संस्था प्रकाशकाहून वेगळी लागते. हा रकाना सहज रिकामा राहतो. नोंदणीच मागाहून झाली, तर संहितेच्या दृष्टीने तो निबंध प्रसिद्धच झालेला नसतो! आणि हो, त्याच जीनसमध्ये (जवळच्या जातींच्या गटात) तेच नाव आधी कुणी दिलंय का, हेही तिथेच शोधा. मात्र जुनी सगळी नावं झूबँकवर नाहीत, म्हणून जीबीआयएफ या जीवजातींच्या जागतिक माहितीसाठ्यातही पाहा.