जमीन सुधारायला घेण्याआधीची तयारी

जमिनीचा कस परत आणायचा म्हटलं की बहुतेकांची यादी खरेदीने सुरू होते. जिवाणूंची बाटली, ह्युमिक, कंपोस्टच्या गाड्या, नवं पेरणीयंत्र. माझ्या यादीत खरेदी बरीच खाली येते. जमिनीतून काय काय निघून चाललंय ते आधी थांबवायचं आणि मग त्यात काय घालायचं ते ठरवायचं. हा क्रम उलटला की पैसे जातात, आणि दोन हंगामांनी माणूस म्हणतो की रिजनरेटिव्ह शेती (नांगरट कमी करून, जमीन झाकून तिचा कस परत आणायची पद्धत) वगैरे सगळं बोलायला ठीक आहे. तेव्हा पेरणीच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा.

सगळं शेत एकदम घेऊ नका. पीक बुडालं तरी घर चालेल एवढाच तुकडा घ्या. प्रयोगाला म्हणून लोक नेमका सगळ्यात वाईट कोपरा देतात आणि तिथे काही साधलं नाही की पद्धतीला नावं ठेवतात. मध्यम प्रतीची जमीन निवडा. तिच्या शेजारचा तसाच एक पट्टा जुन्याच पद्धतीने कसायला राखून ठेवा आणि दोन्हींच्या हद्दी कागदावर काढा. हा पट्टा नसेल तर चांगल्या पावसाच्या वर्षी सगळं श्रेय तुमच्या पद्धतीला जातं आणि वाईट वर्षी सगळा दोषही तिलाच.

आता फावडं काढा. जमीन वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशी) असताना हातभर खोल खड्डा घ्या आणि त्याची एक बाजू सरळ तासून नीट बघा. मुळ्या सरळ खाली गेल्यात की पंधरा-वीस सेंटिमीटरवर काटकोनात वळून आडव्या पसरल्यात? वळल्या असतील तर तिथे नांगराच्या किंवा रोटाव्हेटरच्या तळाने दाबलेला थर आहे, आणि वरून कितीही खत टाकलं तरी पीक तेवढ्याच उथळ मातीवर जगणार. त्याच खड्ड्यातलं फावडंभर मोठं ढेकूळ उचलून कमरेच्या उंचीवरून फळीवर टाका. चांगली माती गोलसर, सच्छिद्र कणांत फुटते. बिघडलेलीचे धारदार कोनांचे तुकडे नाहीतर चपट्या खपल्या निघतात. वास घ्या. कुजक्या अंड्यासारखा वास आणि निळसर करडे डाग म्हणजे पाणी साचून हवा कोंडली आहे. गांडुळं दिसली तर मोजून लिहून ठेवा. असे खड्डे तुकड्यात चार-पाच ठिकाणी घ्या, कारण एका खड्ड्यावरून शेताबद्दल मत बनवणाऱ्यांची कमी नाही.

दोन चाचण्या घरच्या घरी होतात, त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. पहिलीला 15 सेंटिमीटर व्यासाचा नळ्याचा तुकडा लागतो. तो मातीत अर्धा ठोकून बसवा आणि आत 440 मिलिलिटर पाणी हलक्या हाताने ओता. एवढं पाणी म्हणजे बरोबर 2.5 सेंटिमीटर पाऊस. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि घड्याळ या दुसऱ्या पाण्याला लावा, कारण पहिलं कोरडी माती भिजवण्यातच जातं. काही मिनिटांत मुरलं तर जमीन पाऊस पिते. तासभर तळं राहिलं तर पावसाचा बराच भाग बांधाबाहेर जातो आणि सोबत माती नेतो. दुसरी चाचणी वाळलेल्या खड्यांची. सुपारीएवढे खडे चहाच्या गाळणीत ठेवून पाण्यात अलगद बुडवा. ताबडतोब विरघळून गाळ झाला तर कणांना धरून ठेवणारा जैविक डिंक शिल्लक नाही. पाच-दहा मिनिटांनंतरही खडा आकार धरून असला तर पाया बरा आहे. शेजारी बांधावरच्या गवताखालचा एक खडाही बुडवून बघा, म्हणजे तुमचीच माती काय होऊ शकते ते कळेल.

प्रयोगशाळेचा नमुना काळजीने घ्या. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती गोळा करा. झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची, बांधालगतची आणि पाणी साचणारी जागा वगळा. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे दोन वेगळे नमुने बांधा. याला कारण आहे. नांगरट बंद केली की सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातला आणि मुळांतला कार्बन) वरच्या थरात साचतो, आणि फक्त वरचाच थर तपासला तर खालून काय कमी झालं ते दिसत नाही. सामू (pH), विद्युत वाहकता (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) एवढं मागा. अहवाल आला की आधी बघा, आकडा सेंद्रिय कर्बाचा आहे की सेंद्रिय पदार्थाचा. दुसरा पहिल्याच्या साधारण 1.72 पट असतो. या गफलतीतून एका रात्रीत जमीन सुधारल्याचे दाखले मी पाहिले आहेत.

सामू 8.5 च्या वर असेल तर मातीतलं सोडियमही तपासून घ्या. जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) निघाली तर यादी इथेच वळते. आधी निचरा, मग तपासणीवरून काढलेल्या मात्रेत जिप्सम, आणि मग बाकी सगळं. नुसती खारवट असेल तर क्षार धुवून काढायला गोडं पाणी आणि ते बाहेर जायला वाट, दोन्ही हवं. निचऱ्याविना आच्छादन आणि हिरवळीचं खत यांवर खर्च करणं फुकट आहे.

अहवाल हातात आला की एक हिशेब स्वतः मांडून बघा, कारण या विषयात अपेक्षा फार फुगवल्या जातात. एका हेक्टरवरची 15 सेंटिमीटर जाडीची माती साधारण 2000 टन भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा, म्हणजे 0.5 चा 0.6 करायचा, तर 2 टन कर्ब टिकून राहायला हवा. वाळक्या काडीकचऱ्यात 40 ते 45 टक्के कर्ब असतो, पण कुजताना त्यातला बहुतेक हवेत जातो. दहा ते वीस टक्के टिकला असं धरलं तरी 24 ते 48 टन वाळका कचरा लागतो. बाहेरून एवढा आणायची कुणाची ऐपत असते? म्हणून मुळांवर भर द्यायचा. मुळांतून मातीत गेलेला कर्ब वरून टाकलेल्या काडीपेक्षा जास्त टिकतो, असं बहुतेक अभ्यासांतून दिसतं. कर्ब वाढला की जमीन स्पंजसारखी पाणी धरते, हेही जरा सबुरीने घ्या. कर्ब पूर्ण 1 टक्क्याने वाढला तरी पिकाला मिळणारं पाणी 10 सेंटिमीटर मातीमागे सरासरी 1 मिलिमीटरच्या आसपासच वाढतं. खरा फायदा पाऊस आत मुरण्यात आहे, आणि तो कर्बाचा आकडा हलण्याच्या कितीतरी आधी नळ्याच्या चाचणीत दिसतो.

इथून जे निघून चाललंय ते थांबवायची कामं. पहिलं पाण्याचं. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन शेतात फिरा. वरून पाणी कुठून शिरतं, कुठे जोर धरतं आणि गढूळ होऊन कुठून बाहेर पडतं ते नकाशावर खुणा करून आणा. समपातळी रेषा काढायला महाग यंत्र लागत नाही. तीन काठ्यांचा इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा, त्याला ओळंबा, आणि एक धीराचा जोडीदार एवढं पुरतं. पेरणीची दिशा त्या रेषांना धरून ठरवा. बांध किंवा चर काढणार असाल तर सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) आधी आखा, आणि सांडव्यात गवत लावा. सांडवा नसलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि बांध नसताना गेली असती त्याहून जास्त माती घेऊन जातो.

मग मशागत. खड्ड्यात कठीण थर दिसला असेल तरच सबसॉयलर (माती न उलटता खोलवरचा थर फोडणारं अवजार) लावा, तोही एकदाच आणि जमीन कोरडी असताना. कोरड्यात थर तडकून फुटतो, ओल्यात पातं नुसतं चिरत जातं आणि चिरेच्या बाजू लिंपून टाकतं. फोडल्याबरोबर खोल मुळांचं काहीतरी पेरा, नाहीतर एखाद्या हंगामात थर पुन्हा बसतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कायमच्या ठरवून टाका. चाकाखालचा बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो, म्हणून शंभर जागी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच जागी शंभरदा गेलेलं बरं. आणि ओल्या रानात यंत्र घालायचं नाही. हा नियम सोपा वाटतो, पण भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा असतो तेव्हा तो पाळणं सगळ्यात अवघड.

तणांचा प्रश्न सोयीस्करपणे टाळला जातो. बिननांगरटीची शेती जगात मोठ्या क्षेत्रावर चालते ती बरीचशी तणनाशकाच्या जोरावर. ज्याला नांगरही नको आणि तणनाशकही नको, त्याने तणाचा बंदोबस्त मोकळं रान असतानाच करायला हवा. हरळी आणि लव्हाळा असेल तर तो निघेपर्यंत नांगरट बंद करू नका. आच्छादन घातल्याने ती मरत नाहीत, उलट सुखाने पसरतात. कधीतरी एखादी उथळ कुळवणी करावी लागली तर करा. त्याने धर्म बुडत नाही.

आच्छादनाला काडी किती मिळणार ते आत्ताच मोजा. संवर्धित शेतीच्या व्याख्येत जमिनीचा किमान 30 टक्के भाग झाकलेला हवा. धूप कमी व्हायला तेवढं कामाला येतं, तण दाबायला मात्र जाड थर लागतो. त्याच काडीवर गुरांचा आणि चुलीचाही हक्क असेल तर घरात बसून वाटणी ठरवा, हंगामात भांडण नको. गव्हाच्या काडात कर्ब-नत्र गुणोत्तर (एका भाग नत्रामागे कर्ब किती भाग) 80 च्या आसपास असतं, आणि सूक्ष्मजीवांना चालतं ते साधारण 24. हे काड मातीत मिसळलं की सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. तेव्हा काड वरच राहू द्या. लाकडाचा भुसा तर मातीत मुळीच मिसळू नका.

दोन पिकांच्या मधल्या काळासाठी आच्छादन पिकाचं बी वेळेत मिळवा, ते ऐनवेळी मिळत नाही. एकदल, द्विदल आणि खोल मुळाचं एखादं असं मिश्रण घ्या. उष्ण भागात ताग, धैंचा, चवळी, बाजरी, तर थंड भागात राय, व्हेच, क्लोव्हर. मोहरी-मुळा कुळातली पिकं मायकोरायझा बुरशीला (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) आसरा देत नाहीत, म्हणून मिश्रण निव्वळ त्यांचंच नको. द्विदलाला ज्या त्या पिकाचंच रायझोबियम (मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लागतं. ते सावलीत बियाला चोळा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावलेलं बी असेल तर दोन्ही एकत्र चालतं का ते पाकिटावर वाचा. हे पीक संपवायचा दिवस पेरायच्या आधी ठरवा. ताग, धैंचा फुलोऱ्याच्या सुरुवातीला, जून व्हायच्या आत. राय दाबून झोपवायची असेल तर ती पूर्ण फुलल्यावर, नाहीतर पुन्हा उभी राहते. कमी पावसाच्या भागात हा दिवस आणखी अलीकडे घ्या, कारण आच्छादन पीक मुख्य पिकाचंच पाणी पितं.

खत आणायची वेळ आत्ता येते. शेणखत विकणाऱ्याला विचारा, गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर कोणतं तणनाशक मारलं होतं. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिडसारखी रसायनं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून बाहेर येतात. त्या खतात थोडी माती मिसळून कुंडीत घेवडा किंवा वाटाणा लावा, शेजारी एक कुंडी साध्या मातीची ठेवा आणि तीन आठवडे थांबा. खताच्या कुंडीतली पानं पेल्यासारखी वळली, शेंडे मुरडले, तर गाडी परत पाठवा. कंपोस्ट स्वतः करणार असाल तर लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. ढिगाचा आतला भाग 55 अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि ढीग पुन्हा पुन्हा पलटला, तरच तणाचं बी आणि रोगजंतू मरतात.

चराई आणणार असाल तर जनावरांच्या आधी कुंपण आणि पाण्याची सोय करा. गवत मुळापर्यंत खरवडलं जायच्या आत जनावरं हलवता आली पाहिजेत. आयव्हरमेक्टिनचं जंतनाशक दिलेल्या जनावरांच्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या वाढत नाहीत, म्हणून पशुवैद्याशी वेळ आणि पर्याय बोलून घ्या.

जिवाणूंच्या, ह्युमिकच्या बाटल्या घ्यायच्याच असतील तर एका बाटलीला एक पट्टा द्या आणि शेजारचा पट्टा तिच्याविना ठेवा.

पैशाचं उघड बोलून घ्या. पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटू शकतं, विशेषतः नांगरट थांबवली आणि फेरपालट व आच्छादन दोन्ही अर्धवट ठेवलं तर. रासायनिक खत एका फटक्यात शून्यावर आणू नका, माती तपासून नत्राची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवा. जमीन खंडाने केलेली असेल तर किमान पाच वर्षांचा लेखी करार करा, नाहीतर सुधारलेली जमीन पुढच्या वर्षी दुसराच कुणीतरी पेरेल.

शेवटी वही. खड्ड्यांच्या जागा, नळ्याला लागलेली मिनिटं, गांडुळं, पावसाच्या तारखा आणि त्याच त्या चार कोपऱ्यांतून काढलेले फोटो तिच्यात ठेवा. नळ्याची चाचणी आणि गांडुळांची मोजणी दरवर्षी करा, बदल आधी तिथे दिसतो. कर्ब तपासायला मात्र तीन वर्षं थांबा. दरवर्षीच्या अहवालात जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा नमुना घेण्यातला असतो. तिसऱ्या वर्षी नमुना घ्याल तो त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घ्या, त्याच प्रयोगशाळेला पाठवा, आणि जुन्या पद्धतीच्या पट्ट्यातलाही एक सोबत द्या.