कॅबिनेट बदललं आणि कॉम्प्युटर चालूच होईना? दोष असा शोधा

एप्रिलमधल्या एका रात्री वसमतहून भाच्याचा फोन आला. "मामा, सगळं नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं, पण चालूच होईना गेलंय." मागून दाजींचा आवाज येत होता, "आडतीचा सगळा हिशोब त्यात हाय म्हणावं!" हळदीचा हंगाम ऐन भरात होता. मोंढ्याजवळच्या घरात कॉम्प्युटर काय, पांघरुणंसुद्धा पिवळी होतात. जुन्या डब्यात हवा खेळत नव्हती आणि पंख्यावर हळदीची साय धरली होती, म्हणून पोरानं काचेचा, जाळीचा नवा कॅबिनेट मागवला. त्यात चूक काहीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कोंदट डब्यातलं मशीन हमखास गचके खातं.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "काल रात्री चालत होतं का?" चालत होतं. मग काही जळालं नाही असंच धरून चालायचं. सामान तेच, फक्त घर बदललंय. अशा वेळी शंभरात नव्वद वेळा एक तर काहीतरी लावायचं राहिलेलं असतं, नाही तर जिथं टेकायला नको तिथं काहीतरी टेकलेलं असतं. "मदरबोर्ड गेला" हा निकाल दुकानात फार लवकर मिळतो. तो ऐकायच्या आधी एक संध्याकाळ घरी घालवा.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. इथं मी डब्याला कॅबिनेट आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हणणार आहे. वीज पुरवणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. आणि ज्या मोठ्या पाटीवर सगळं जोडलं जातं तो मदरबोर्ड, किंवा नुसता बोर्ड.

हात घालण्याआधी नीट बघा की मशीन नक्की काय करतंय. बटण दाबल्यावर काहीच होत नाही? पंखा क्षणभर हलून थांबतो? सगळे पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही? की डिस्प्ले येतो आणि विंडोज सुरू होत नाही? या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. नुसतं "चालू होत नाही" म्हणून सगळं उपसत बसलात तर रात्र जाईल.

आणि दर वेळी आत हात घालताना वायर भिंतीतून काढा, मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

काहीच हालचाल नाही

हसू नका, पण आधी एसएमपीएसच्या मागचं छोटं काळं बटण बघा. त्यावर रेघ आणि शून्य असतं, रेघेकडची बाजू दाबलेली हवी. नवा कॅबिनेट सरकवताना ते हमखास बंद होतं. नंतर भिंतीतला सॉकेट मोबाईलचा चार्जर लावून तपासा. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये ठेवू नका, त्यांच्या पिना आपल्याकडे सैलच असतात.

आता मदरबोर्डकडे. बऱ्याच बोर्डांवर वीज पोचली की एखादा बारीक दिवा लागतो, मशीन बंद असलं तरी. दिवा लागत असेल तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. लागत नसेल तर २४ पिनांचा रुंद कनेक्टर दाबून बघा. त्याची कडी खटकन बसली पाहिजे. नव्या कॅबिनेटमध्ये वायरी मागून वळवून आणाव्या लागतात, त्या ताणानं हा कनेक्टर एका बाजूनं अर्धवट उचलला जातो आणि वरून बघितलं तर बसलेला दिसतो.

दिवा आहे, तरी बटणाला दाद नाही? मग पॅनेलच्या वायरी. माझ्या मते कॅबिनेट बदलताना सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूकडून येणाऱ्या त्या बारीक वायरी मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर लागतात. बहुतेक बोर्डांवर तिथं दोन रांगांत नऊ पिना असतात आणि एका कोपऱ्यातली दहावी जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेच्या रांगेत, तिला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या. तरी बोर्डावरची बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचाच, कारण सगळ्या कंपन्या एकसारखं करत नाहीत. पॉवर आणि रीसेट बटणाची वायर उलटी लागली तरी चालते. दिव्यांच्या वायरी उलट्या लागल्या तर दिवे लागत नाहीत, एवढंच.

बटणच खराब आहे का, हे कळायला वायरी काढा, वीज जोडा आणि त्या दोन्ही पिनांना एकाच वेळी टेस्टरचं टोक क्षणभर टेकवा. फक्त त्याच दोन पिनांना, आणि हात स्थिर ठेवून. इथला दाब पाच व्होल्टपेक्षा जास्त नसतो, शॉक बसत नाही. मशीन उठलं तर दोष कॅबिनेटच्या बटणात. मग रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावा आणि रीसेटचं बटण दाबून मशीन चालू करत जा. माझ्या घरी एक मशीन तीन वर्षं असंच चाललं.

आणखी एक खूण सांगतो. मशीन चालू होतं आणि साधारण चार सेकंदांनी आपोआप बंद पडतं, दर वेळी तितक्याच वेळानं? बटण आत अडकलंय. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, तेच इथं घडतंय. स्वस्तातल्या कॅबिनेटचा पुढचा पत्रा नीट बसला नाही की असं होतं. रीसेटचं बटण अडकलं असेल तर पंखे फिरत राहतात आणि डिस्प्ले येत नाही. म्हणून शंका आली की दोन्ही वायरी काढून टेस्टरनं चालू करा.

पंखा हलतो आणि थांबतो

ही बहुधा शॉर्टची खूण. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसला की ती स्वतःला बंद करून घेते.

मदरबोर्ड पत्र्यावर सरळ टेकत नाही, पितळी स्टडवर, म्हणजे बारीक खुंट्यांवर, उभा राहतो. जिथं बोर्डाला भोक तिथंच स्टड हवा. भोक नाही तिथं स्टड असेल तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या डागांना टेकतो. नवा कॅबिनेट बऱ्याचदा थोडे स्टड आधीच बसवून येतो. मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स त्याच रुंदीचा पण उंचीला कमी. मायक्रोसाठीची खालची रांग वेगळ्या जागी असते. ते स्टड तसेच ठेवून वर मोठा बोर्ड बसवला की झालं काम. बोर्ड बाहेर काढा, भोकं मोजा, स्टड मोजा, आकडा जुळला पाहिजे. मग जागाही एकेक करून जुळवा. वर टाकलेला एखादा स्क्रू घरंगळून बोर्डाखाली गेलाय का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याची पट्टी बघा. तिच्या बारीक जिभा यूएसबीच्या किंवा नेटवर्कच्या पोर्टात घुसतात. पुढच्या यूएसबीची आणि ऑडिओची वायर दिसायला सारखीच असते, दोन्हींना नऊ पिनांची जागा, फक्त रिकामी पिन वेगळी. जोर लावून उलटीकडे बसवलीत तर पिना वाकतात. शंका असेल तर पुढच्या सगळ्या वायरी काढून मशीन चालवून बघा, त्यांच्याशिवाय काही अडत नाही.

एसएमपीएससुद्धा नवीन घेतली असेल आणि तिच्या वायरी सुट्या निघत असतील, तर जुन्या वायरी वापरल्या नाहीत ना? हा प्रश्न मी दोनदा विचारतो. कनेक्टर बसतो, पण पेटीकडच्या टोकाची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क कायमची जाते, आणि तिच्यासोबत आडतीचा हिशोबही.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

मॉनिटरची वायर कुठं लावलीय ते बघा. पडद्यावरचं चित्र बनवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डातच लागते, बोर्डाच्या पोर्टात नाही. मग प्रोसेसरजवळचा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर. तो विसरणारे खूप. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसते आणि स्वस्त पेटीची ही वायर वरपर्यंत पोचतच नाही, म्हणून माणूस "नंतर बघू" म्हणतो आणि विसरतो. लांबीची जोड वायर बाजारात मिळते. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर तिथं कोंबू नका, ती दिसते तशीच, पण जोडणी उलटी असते. ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा कनेक्टर असेल तर तोही लावलाय का बघा.

आता रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या. दोन्ही पट्ट्या काढा, एकच लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट निवडा. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या, कडी आपोआप मिटेपर्यंत. पट्टी एका बाजूनं तिरपी राहिली की पंखे मजेत फिरतात आणि पडदा काळाच. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबरानं पुसायची आपली जुनी रीत चालते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. डीडीआर५ ही नवी रॅम असेल आणि सेटिंग पुसली गेली असेल, तर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाईनं वीज तोडू नका.

बऱ्याच नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (म्हणजे डिस्कवरून विंडोज सुरू होणं) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथं अडलंय. दिवे नसतील तर दुकानातून छोटा बीप स्पीकर आणा, फार स्वस्त असतो. रॅम काढून मशीन चालू केलं आणि स्पीकर ओरडला, तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. शेवटी सेल काढा, सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा. वीज तोडून पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा, म्हणजे बोर्डाची जुनी सेटिंग पुसली जाते.

प्रोसेसरवरचा कूलर काढला होता का? मग प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा आणि कूलरचा पंखा त्याच्याच पिनांवर जोडा. कूलर एका कोपऱ्यातून सुटा राहिला असेल तर मशीन थोडा वेळ चालून गरम होऊन बंद पडतं.

पुठ्ठ्यावरची परीक्षा

तरी नाही झालं, तर बोर्ड बाहेर काढून मदरबोर्डच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला होता तिच्यावर नको, तिच्या बाहेरच्या बाजूतून वीज वाहू शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही नको. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ अक्षर आहे त्यात ग्राफिक्स नसतं, तिथं कार्ड लावावंच लागतं. टेस्टरनं चालू करा. खोक्यावर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष कॅबिनेटच्या पत्र्यात, स्टडमध्ये किंवा वायरीत. खोक्यावरही नाही चाललं, तेव्हा कुठे ओळखीच्या माणसाची एसएमपीएस मागून लावून बघायची पाळी येते.

डिस्प्ले आला, विंडोज नाही

"बूट डिव्हाइस मिळालं नाही" असं काही आलं तर डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटाची वायर सुटलीय, नाही तर डिस्कला वीज नाही. सेल काढला असेल तर घड्याळ आणि बूटचा क्रम दोन्ही पुसले जातात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोजची डिस्क पहिली करा. निळा पडदा येत असेल तर बायोसमधला साटाचा मोड, म्हणजे डिस्क हाताळायची पद्धत, आधी रेड होता आणि आता एएचसीआय झालाय का, ते बघा. पहिल्यासारखा करा.

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर ती एसएमपीएसची खराबी असेलच असं नाही. तिच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज अर्थच्या पिनेकडे जात असते, आणि घरात अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर उभी राहते. आपल्याकडची कोरडी जमीन उन्हाळ्यात अर्थिंगला साथ देत नाही. वायरमन बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी टाकायचा जुना उपाय तो सांगेल, तो खराच उपयोगी आहे.

वसमतचं मशीन पंखा हलवून थांबत होतं. भाच्यानं रात्री साडेअकराला बोर्ड काढला आणि स्टडचा फोटो पाठवला. बोर्डाला भोकं नऊ, खाली स्टड दहा. दहावा त्यानं काढून आईच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला, हरवू नये म्हणून.