ब्लॉग नव्याने मांडताना : आधी जुने दुवे, मग बाकी सगळं

इंदूरच्या मराठी घरांत ब्लॉग वाचला जातो तो बहुतेक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून. रामबागेतल्या मावशी रंगपंचमीच्या गेरवरचा (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीवरचा) लेख पुण्याच्या भाचीला पाठवतात आणि ती तो पुढच्या फाल्गुनात शोधून पुन्हा उघडते. म्हणून वाचकांच्या सोयीसाठी ब्लॉग ब्लॉगरवरून (गूगलची मोफत ब्लॉगसेवा) वर्डप्रेसवर (स्वतःची साइट चालवायची प्रणाली) नेऊन नवा करायला बसलात, तर रंग आणि फाँट थांबू शकतात. पहिलं काम म्हणजे जुन्या लेखांचे पत्ते लिहून काढणं. गेल्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. लेख सगळे शाबूत होते, पण जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला 'पान सापडलं नाही' एवढंच दिसत होतं.

असं का होतं? ब्लॉगर पत्ता बनवताना शीर्षकातली देवनागरी अक्षरं गाळून टाकतो. त्यामुळे मराठी लेखाच्या पत्त्यात वर्ष, महिना आणि पुढे नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' व एखादा आकडा उरतो. तुमचं स्वतःचं डोमेन तेच ठेवून वर्डप्रेसवर आलात, तरी लेखाचा पत्ता सहसा बदलतो. पत्त्यात लेखाचं नाव असतं तर वर्डप्रेस थोडाफार अंदाज बांधून वाचकाला योग्य जागी नेतं. 'ब्लॉग-पोस्ट' आणि आकड्यावरून ते काय ओळखणार? प्रत्येक जुना पत्ता आपणच नव्याशी जोडून द्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण कराच.

ब्लॉगरची सेटिंग उघडून आधी बॅकअप उतरवा. साइटमॅपमधून (ब्लॉगच्या सगळ्या पानांची यादी असलेल्या फाइलीतून) सगळे पत्ते काढून एक्सेलमध्ये ठेवा : डावीकडे जुना, उजवीकडे नवा. वर्डप्रेसमध्ये 'रिडायरेक्शन' नावाचं प्लगइन (जादा सोय देणारी जोडणी) आहे, ते जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर वळवतं, त्यात ही जोडी भरायची. प्रकार ३०१ निवडा, ३०२ नको. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. आणि कुणी सांगेल की सगळे जुने पत्ते सरळ मुखपृष्ठावर वळवून टाका. अजिबात नको! ज्याला गेरचा लेख हवा आहे त्याला मुखपृष्ठावर सोडलं तर तो शोधत बसत नाही, परत जातो. गूगलही अशा वळवण्याला पान नसल्यासारखंच धरतं.

नवे पत्ते कसे ठेवायचे ते आत्ताच ठरवा. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण साठवताना प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार नऊ-नऊ चिन्हांचा होतो. मर्यादा २०० चिन्हांची आहे, म्हणजे बावीस अक्षर-मात्रांतच पत्ता संपतो आणि लांब शीर्षक मध्येच तुटतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक बिचकतात. त्यापेक्षा छोटा, रोमन अक्षरांतला पत्ता द्या. एकदा दिला की हात लावू नका.

भाषेची सेटिंग. साइट बांधून देणारा हिंदीभाषक असेल, तर देवनागरी पाहून तो हिंदी निवडून मोकळा होतो. मग लेखाखाली 'और पढ़ें' येतं, ते तरी दिसतं. न दिसणारं नुकसान जास्त आहे : दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचायला घेतो, आणि ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत तिथेही हिंदी वळणाचे उमटतात. सेटिंगमध्ये साइटची भाषा 'मराठी' करा आणि पानाच्या कोडमध्ये भाषेचा संकेत 'एम-आर' आला का ते स्वतः बघा.

अक्षरं मोठी ठेवा, १८ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये ओळी फार जवळ असतात. आपल्याकडे वर वेलांटी नि रफार, खाली उकार, त्यामुळे ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट तरी हवी. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. तिरपा टाइप नको : बहुतेक देवनागरी फाँटांत तो नसतोच, ब्राउझर अक्षरं ओढून वाकवतो. फाँट मुक्ता किंवा नोटो घ्या, दोन्ही मोफत आहेत. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर तर नकोच. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा, हे मोजणारी साधनं फुकट मिळतात.

शोधाची चौकट वर, ठळक. वर्डप्रेसचा शोध अक्षर जुळलं तरच सापडवतो, आणि 'दऱ्या'तला ऱ्य दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. दिसतात सारखे, जुळत नाहीत. त्यात बरेच लोक रोमनमध्ये टंकतात. म्हणून प्रत्येक लेखाच्या उताऱ्यात (एक्सर्प्ट, म्हणजे सारांशाच्या रकान्यात) महत्त्वाचे शब्द रोमनमध्येही द्या. मेन्यूत पाच-सहा नोंदी पुरे. उघडल्या उघडल्या अंगावर येणारी खिडकी काढून टाका.

थीमच्या फाइलींत बदल करणार असाल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली, फक्त आपले बदल ठेवणारी वेगळी थीम) करा, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

फोटो. जुन्या लेखांतले फोटो आयातीनंतरही गूगलकडूनच येत असतील, तर ते वर्डप्रेसमध्ये उतरवून घेईपर्यंत जुना ब्लॉग मिटवू नका. रुंदी १२०० पिक्सेल पुरे.

आता साइट सुरू करण्याआधी पुन्हा जुने दुवे. एक्सेलमधून कुठलेही वीस उचला, स्वस्तातल्या फोनवर, घरचं वायफाय बंद करून उघडा. घरच्या गटात पूर्वी पाठवलेले संदेश वर सरकवून तिथूनही उघडा. शेवटी लागलेला पत्ता बरोबर त्याच लेखाचा हवा. एकही चुकला तर सगळी यादी तपासा.

सुरू झाल्यावर : गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) नवा साइटमॅप द्या, आणि 'सापडलं नाही'ची यादी पहिले काही आठवडे बघत राहा, तिथे जुना पत्ता दिसला की त्याच दिवशी जोडा. वर्षभराने प्लगइन साफ करताना रिडायरेक्शन काढू नका.