बॉयलर हाउसमधला पहिला हंगाम: सोलापूर परिसरात ऑपरेशनच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

सोलापूर परिसरात वाफेवर वीज तयार करण्याचे काम दोन प्रकारच्या ठिकाणी मिळते. होटगीजवळ फताटेवाडी आणि आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे कोळशावर चालणारे, प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २०१९ मध्ये. त्याशिवाय जिल्हाभर पसरलेल्या साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प आहेत आणि ते हंगामात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालतात. माझी नोकरी दुसऱ्या प्रकारात झाली, त्यामुळे येथील बहुतेक उदाहरणे बगॅसच्या बॉयलरची आहेत. तरीही बॉयलरला पाणी देणारा फीड पंप, टर्बाईन, तिच्यातून आलेल्या वाफेचे पाणी करणारा कंडेन्सर आणि तासागणिक आकडे भरायची लॉगशीट या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच असल्याने कोळशाच्या केंद्रात जाणाऱ्यालाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या मुलाला वाटते की आपल्याला कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसवतील. प्रत्यक्षात पहिली एक-दोन वर्षे फील्डवरच जातात आणि ते योग्यच आहे. पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा कुठल्या तरी पाइपवर बसवलेल्या ट्रान्समीटरमधून येतो. तो पाइप कुठून निघतो, कुठल्या मजल्यावरून जातो आणि त्याचा ड्रेन कुठे उघडतो हे ज्याने पायाने फिरून पाहिलेले नाही, त्याला तो आकडा चुकीचा आल्याचे कळत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत एक साधी वही घ्यावी आणि एकेक लाइन स्वतः शोधून कागदावर काढावी. आधी फीड वॉटरची, मग मुख्य वाफेची, मग कूलिंग वॉटरची आणि शेवटी लुब ऑइलची, म्हणजे वंगणाच्या तेलाची. कार्यालयात छापील आराखडे असतातच, पण मागच्या ऑफ सीझनमध्ये बदललेला व्हॉल्व्ह त्यांत चढवलेला असेलच असे नाही.

पाळीवर वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. जाणाऱ्या माणसाकडून चार्ज घेताना 'सगळे ठीक आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. कुठला पंप चालू आहे आणि कुठला स्टँडबायवर आहे, कोणती उपकरणे परमिटवर (दुरुस्तीच्या लेखी परवानगीवर) बंद आहेत, कुठला अलार्म वारंवार येतो आहे, बगॅस ओला येतो आहे की कोरडा, हे स्पष्ट विचारून लॉगबुकमध्ये वाचावे आणि मगच सही करावी. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही तर जागा सोडता येत नाही, हेही पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे. रात्रपाळीच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की ती कितीही वाजता खाता येते. पातळ भाजीचा डबा उघडायला नेमका वेळ मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगतो. अंगात सुती कपडे असावेत, कारण सिंथेटिक कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. हेल्मेट, सेफ्टी शूज आणि टर्बाईन हॉलमध्ये कानात प्लग, यांवर चर्चा करू नये.

राऊंड म्हणजे ठरलेल्या वाटेने फेरी मारणे नव्हे. फिरताना डोळे, कान, नाक आणि हात ही चारही कामाला लावावी लागतात. बेअरिंगच्या हाउसिंगवर हाताची पाठ टेकवून पाहावी; पाचेक सेकंदही हात टिकत नसेल तर तापमान साठ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर गेले आहे असे समजावे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हाउसिंगला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की बेअरिंगची घरघर आणि खरखर यांतला फरक महिनाभरात ओळखू येऊ लागतो. फिरत्या शाफ्टजवळ आणि कपलिंगजवळ मात्र हात, मफलर किंवा सैल बाही यांपैकी काहीही नेऊ नये. भट्टीचे पाहणीचे दार उघडताना समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. भट्टीत दाब वातावरणापेक्षा थोडा कमी ठेवलेला असला, तरी भट्टीतला धूर ओढणारा आयडी फॅन क्षणभर डगमगला की ज्वाला बाहेर येते.

गळती शोधण्याच्या बाबतीत नवख्या माणसाची एक समजूत आधी मोडावी लागते. आपल्याला जी पांढरी वाफ दिसते ती वाफ नसते. वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. सुपरहीटेड, म्हणजे आणखी तापवून कोरडी केलेली वाफ अदृश्य असते. साठ-सत्तर किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाबाच्या लाइनला सुईएवढे भोक पडले तर तेथे शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो, परंतु दिसत काहीच नाही, आणि त्या अदृश्य धारेत हात गेला तर तो कापला जातो. जुने फायरमन अशा आवाजाच्या दिशेने लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत आणि झाडूच्या काड्या उडाल्या की तेथेच थांबत. आता त्यासाठी उपकरणे आहेत, तरी हात पुढे करून शोधायचे नाही हा नियम तोच आहे. आवाज ऐकला की मागे फिरून शिफ्ट इन्चार्जला सांगावे आणि तो भाग दोरीने बंद करावा.

लॉगशीटबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नव्या ऑपरेटरचे नाव चांगले किंवा वाईट होते ते याच कागदावर. दर तासाला चाळीस-पन्नास रकाने भरायचे असतात, मागच्या तासाचा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि पहाटे तीन वाजता तो आकडा तसाच खाली उतरवण्याचा मोह होतो. मी तो केलेला आहे. नोकरीच्या दुसऱ्या हंगामात, एका कारखान्यात, भट्टीत हवा ढकलणाऱ्या एफडी फॅनच्या बेअरिंगचे तापमान मी दोनदा न पाहता ५८ लिहिले. पाचच्या सुमारास जळक्या ग्रीसचा वास आला तेव्हा धावत गेलो. हाउसिंगवरचा रंग काळवंडला होता. फॅन बंद करावा लागला, बॉयलरचा लोड अर्ध्यावर आला आणि गाळपही मंदावले. बेअरिंग गेले याचे मला तेवढे वाईट वाटले नाही. सकाळी साहेबांनी लॉगशीट समोर धरून तापमान किती वाजता चढू लागले असे विचारले, आणि त्या कागदावर त्याचे उत्तर नव्हते. ग्रीस कमी पडले होते की बेअरिंग गार ठेवणाऱ्या पाण्याची लाइन चोंदली होती, हे चढण्याच्या गतीवरून कळले असते. म्हणून वाचता आले नाही तर रकाना रिकामा ठेवून शेवटी कारण लिहावे. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहावा आणि सही करावी.

आता पाण्याच्या पातळीकडे येतो. ड्रम, म्हणजे पाणी आणि वाफ जेथे वेगळी होतात ती टाकी, असलेल्या बॉयलरमध्ये यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही. पातळी फार वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाईनकडे जाते आणि पाती खराब होतात. फार खाली गेली तर नळ्या कोरड्या पडून तापतात आणि फुटतात. लोड एकदम वाढला की ड्रममधला दाब घसरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. नवखा माणूस अशा वेळी फीड कमी करतो. वास्तविक वाफ जास्त जात असल्याने पाण्याची गरज वाढलेली असते, आणि दोन मिनिटांनी पातळी झपाट्याने खाली येते. लोड एकदम कमी झाल्यावर याच्या उलट घडते. म्हणूनच पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटरचा प्रवाह या तिन्हींकडे एकत्र पाहूनच नियंत्रण केले जाते, आणि ऑटोवर असतानाही ऑपरेटरने ते तिन्ही पाहिले पाहिजेत.

गेज ग्लास, म्हणजे ड्रममधली पातळी दाखवणारी काच, तपासण्याची रीत कमी दाबाच्या बॉयलरवर शिकून घ्यावी. काचेच्या बाजूला उभे राहून ड्रेन कॉक उघडावा. मग पाण्याचा कॉक बंद करावा. ड्रेनमधून जोरात वाफ आली तर वाफेची वाट मोकळी आहे. आता पाण्याचा कॉक उघडून वाफेचा बंद करावा. पाणी जोरात आले तर पाण्याची वाटही मोकळी आहे. शेवटी वाफेचा कॉक उघडून ड्रेन बंद करावा आणि काचेकडे पाहत राहावे. पाणी झटकन पूर्वीच्या पातळीवर आले पाहिजे. ते रेंगाळत वर चढत असेल तर कुठे तरी गाळ अडकलेला आहे, आणि त्या काचेवर विश्वास ठेवता येत नाही. जास्त दाबाच्या बॉयलरवर अभ्रक लावलेले दुरंगी गेज असते. त्यात पाणी हिरवे आणि वाफ लाल दिसते. ते वारंवार ब्लो केल्यास, म्हणजे वाफ-पाणी सोडून साफ केल्यास, अभ्रक झिजतो, म्हणून तेथे केंद्राची लेखी पद्धत आणि ज्येष्ठ माणूस यांच्याशिवाय हात लावू नये. काचेत पाणी अजिबात दिसत नसेल आणि ते वर गेले की खाली हे खात्रीने सांगता येत नसेल, तर पाणी सोडण्याची घाई करू नये. आधी आग तोडावी. तापलेल्या नळ्यांत थंड पाणी गेले की अपघात होतो.

एनटीपीसीच्या ६६० मेगावॉटच्या संचांत हा ड्रमच नसतो. ते सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे २२१ बारच्या वर चालतात. त्या दाबाला पाणी आणि वाफ यांच्यात उकळण्याची सीमा उरत नाही. तेथे जाणाऱ्याने ड्रम लेव्हलऐवजी फीड वॉटर आणि इंधन यांचे प्रमाण, आणि सुरू करताना वाफेतले पाणी वेगळे करणारा सेपरेटर, हे आधी समजून घ्यावे.

थंड लाइनमध्ये वाफ सोडणे हे काम ज्युनिअरकडे लवकर येते. आधी त्या लाइनचे सगळे ड्रेन उघडावेत, मग व्हॉल्व्ह पाव फेरा एवढाच उघडून थांबावे. ड्रेनमधून आधी पाणी येते, मग पाणी आणि वाफ मिसळून फुत्कार येतात आणि शेवटी एकसारखी कोरडी वाफ येते. तोपर्यंत व्हॉल्व्हला पुन्हा हात लावू नये. घाई केली तर पाइपमध्ये साचलेले पाणी वाफेच्या वेगाने वळणावर आदळते आणि घणाचे घाव घातल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की व्हॉल्व्ह आणखी उघडू नये, हळूहळू बंद करावा. बॉयलर पेटवण्याआधीचा पर्जही असाच संयमाचा भाग आहे: भट्टीतून ठरलेली मिनिटे हवा खेळवून न जळलेला वायू बाहेर काढल्याशिवाय आग लावायची नाही, आणि ज्वाला विझली तर पुन्हा पर्जपासूनच सुरुवात करायची.

टर्बाईनवर नव्या माणसाला सहसा लुब ऑइल, बॅरिंग गिअर (टर्बाईनचा रोटर, म्हणजे फिरता भाग, हळू फिरवणारे यंत्र) आणि कंडेन्सरचा व्हॅक्यूम एवढेच सोपवतात. गरम रोटर थांबलेल्या स्थितीत ठेवला तर तो वाकतो, म्हणून मशीन बंद केल्यावर तो थंड होईपर्यंत बॅरिंगवर हळू फिरवत ठेवावा लागतो आणि तोपर्यंत तेलाचा पंप बंद करायचा नसतो. व्हॅक्यूम कूलिंग टॉवरचे पाणी किती थंड मिळते यावर अवलंबून असतो, आणि त्या बाबतीत सोलापूरच्या हवेची एक गंमत आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की कूलिंग टॉवर कोलमडेल असे वाटते. पण टॉवरमधले पाणी बाष्पीभवनाने थंड होते आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, म्हणून ते अपेक्षेपेक्षा बरेच थंड मिळते. पावसाळी दमट दिवशी बाहेर गार वाटत असूनही पाणी तेवढे उतरत नाही. तेव्हा व्हॅक्यूम घसरला की केवळ हवेला दोष देण्याआधी गळती, हवा खेचून काढणारा इजेक्टर आणि कंडेन्सरच्या नळ्यांतला गाळ तपासावा.

पाणी हा या भागात स्वतंत्रच विषय आहे. उजनीचे पाणी असो वा विहिरीचे, त्यातील क्षार काढून डीएम प्लँटमधून आलेले पाणीच बॉयलरला द्यावे लागते. केमिस्टने कंडक्टिव्हिटी (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) वाढल्याचे सांगितले तर ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधले क्षारांचे पाणी बाहेर सोडणे, का वाढवायला सांगतात हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे. केमिस्टशी ओळख ठेवणारा ऑपरेटर लवकर शिकतो.

परमिटशिवाय कोणत्याही यंत्रावर काम होऊ देऊ नये. फिटर ओळखीचा असला, शेजारच्या गावचा असला, 'दादा, दोनच मिनिटांचे काम आहे' म्हणाला, तरी वीज तोडणारा ब्रेकर बाहेर काढून टॅग लावला आहे आणि व्हॉल्व्हला कुलूप आहे, हे स्वतः पाहिल्याशिवाय हो म्हणू नये. आमच्याकडे एकाच पाळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे लोक असतात, म्हणून फोनवर दिलेली सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवण्याची सवय लावावी. 'दोन नंबर बंद' आणि 'दोन नंबर बंद आहे' यांत फार अंतर आहे.

पुढे जायचे असेल तर पहिल्या हंगामातच बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची तयारी सुरू करावी. राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून दुसऱ्या आणि पहिल्या श्रेणीची प्रमाणपत्रे मिळतात, त्यापुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा असते. परीक्षेसाठी कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो, म्हणून कुठल्या बॉयलरवर किती दिवस काम केले याची नोंद आपल्याकडे ठेवावी. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा कायदा आला आहे, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबून राहू नये.

हंगाम संपला की बरेच जण सुट्टीवर जाण्याची घाई करतात. त्याऐवजी वार्षिक तपासणीसाठी बॉयलर उघडेपर्यंत थांबावे. ड्रम पूर्ण थंड झाल्यावर, हवा तपासून, परमिट घेऊन आणि बाहेर माणूस उभा ठेवून मॅनहोलमधून आत जाण्याची परवानगी मागावी. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एक आडवी रेघ दिसते. तिच्या खाली पत्र्याचा रंग वेगळा असतो आणि वर वेगळा. हंगामभर पाणी जेथे राहिले तेथे ती उमटलेली असते. ती रेघ जाड आणि पुसट असेल, तर पाळीपाळीत पातळी किती वर-खाली होत होती हे लॉगशीट न उघडताही कळते.